शक्यतेला कोड नसतो

दि. ३ जून

चि. टिटवीस अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा दुपारच्या टपालाने आले. आम्ही उभयता ठीक आहोत. मामीचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि उतरताना गप्प राहतो. ती म्हणते, हा गुडघा तुमच्यावर गेला आहे. माझा रक्तदाब मर्यादेत आहे. तू मात्र चार पाने अभ्यासक्रमांवर खर्च करून घरची हकिकत एका ओळीत उरकलीस: ‘आई ठीक, बाबा नेहमीसारखेच.’ नेहमीसारखे म्हणजे कसे, ते पुढच्या वेळी लिहावे.

फोन न करता पत्र लिहिलेस याचे मामीला नवल वाटले, मला वाटले नाही. ‘फोनवर बोलायला लागले की आई शेजारी येऊन उभी राहते आणि तुमच्या प्रश्नांची उत्तरे तीच देते,’ हे वाचताना ताई डोळ्यांसमोर उभी राहिली. मलाही पत्रच सोयीचे. फोनवर तोंडातून गेलेला शब्द खोडता येत नाही.

आता मुद्द्यावर येतो. तुला वैद्यकीय कोडिंग शिकायचे आहे आणि त्याचे तीन मार्ग तू शोधून काढले आहेस. पहिला, बाजारातल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर भरणारा चार महिन्यांचा वर्ग, ज्याच्या पाटीवर नोकरीची हमी लिहिली आहे. दुसरा, महाविद्यालयातली दोन वर्षांची पदविका. त्यात पहिले वर्ष शरीररचना आणि आजारांची ओळख, दुसरे वर्ष रुग्णालयाच्या नोंदी विभागात कोणाच्या तरी नजरेखाली प्रत्यक्ष काम. तिसरा, पुस्तके आणून घरी अभ्यास करायचा आणि थेट परीक्षेला बसायचे. तुझ्या तक्त्यात प्रत्येकाचे फायदे-तोटे समोरासमोर मांडलेले पाहून मला समाधान वाटले. ही सवय तुला माझ्याकडून लागली असावी.

घरी बसून अभ्यास करण्याचा विचार तू सोडून द्यावास. त्यासाठी एकांत लागतो आणि तुमच्या घरात तो मिळणे नाही. उरले दोन. त्यांतला चार महिन्यांचा वर्ग तुला पुरेल असे माझे मत आहे. तू विज्ञानाची पदवीधर आहेस, शरीराचे ज्ञान तुला आहेच. मी स्वतः वाणिज्य शाखेचा. रुग्णालयाच्या भांडार विभागात सुया आणि चादरी मोजणाऱ्या मला बेचाळिसाव्या वर्षी असल्याच एका चार महिन्यांच्या वर्गाला पाठवले आणि परत आल्यावर कोडिंगच्या खोलीत बसवले. आज मी तिथे तपासनीस आहे. इतर कोडरांनी केलेल्या फाइली माझ्याकडे येतात आणि त्यांतल्या चुका काढणे हे माझे काम आहे. नवी मुले माझ्या पाठीमागे मला ‘काटा’ म्हणतात. तराजूचा की पायातला, हे मी विचारलेले नाही.

किंबहुना हे क्षेत्रच तुला मानवेल का, याचाही शांतपणे विचार कर. काम कसे आहे ते सांगतो. डॉक्टरांनी रुग्णाच्या कागदावर जे लिहिले असेल ते वाचायचे आणि त्यातल्या प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला ठरलेल्या जाड पुस्तकातला क्रमांक द्यायचा. त्यानंतर विमा कंपनी, नोकरी देणारा, दुसरे रुग्णालय, यांपैकी कोणीही डॉक्टरांचे अक्षर वाचत नाही. सगळे तुझा क्रमांक वाचतात. दिवसाला चाळीस फाइली. सहाव्या तासाला डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते. तू बडबडी, माणसांत रमणारी. शाळेत शिकवण्याचे काम तुला शोभेल असे मला नेहमी वाटत आले आहे.

पदविकेच्या अर्जासोबत काम करणाऱ्या कोडरचे शिफारसपत्र लागते आणि ते मी द्यावे, असे तू लिहिलेस. शेवटची तारीख तीस जून आहे हे मी ध्यानात ठेवले आहे. सध्या विभागात तपासणीची धांदल आहे. सवडीने पाहतो.

एक सहज विचारतो. तुझ्या बाबांच्या आजारपणाची जुनी निळी फाइल ताईने जपून ठेवली आहे ना? की घर रंगवताना गेली? गेली असल्यास हरकत नाही. केवळ माहितीसाठी.

ताईला आणि भावोजींना नमस्कार सांग.

तुझा,
मामा

*

दि. १४ जून

चि. टिटवीस आशीर्वाद.

तुझे पत्र वाचून मामी इतकी हसली की शेजारच्या बाईंनी येऊन चौकशी केली. ‘मामा, तुम्ही चपलासुद्धा टाचा भिंतीला टेकवून, मोजून ठेवता. तुम्ही मला एखादी गोष्ट लवकर उरकायचा सल्ला दिलात, हे वाचून मला वाटलं पत्र दुसऱ्याच कोणाचं आलं.’ हे वाक्य तिने मला दोनदा वाचून दाखवले. मी हसलो नाही, कारण त्याच्या पुढचे वाक्य मला दिसत होते: ‘पण तुम्ही सांगता तर विचारानेच सांगत असणार. मी त्या वर्गात नाव नोंदवून आले. सोमवारपासून सुरू.’

आणि खाली, जणू काही विशेष नाही अशा थाटात: ‘निळी फाइल आईच्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. का?’

टिटवे, तू माझ्यावर एवढा विश्वास टाकशील याची मला कल्पना होती. भीती वाटते ती त्याचीच.

काल मी रजा घेतली. अकरा वर्षांत आजारपण सोडून घेतलेली ही माझी तिसरी रजा. आणि मी तुझ्या त्या वर्गाला जाऊन आलो. तिसरा मजला, अरुंद जिना, भिंतीवर हसऱ्या मुलामुलींचे फोटो आणि प्रत्येकाच्या खाली ‘निवड झाली’. टेबलामागच्या मुलीने विचारले, “काका, मुलासाठी का मुलीसाठी?”

“भाचीसाठी,” मी म्हणालो.

“मग बसा ना आतच. नमुन्याचा तास चालू आहे. कंटाळा आला तर हळूच बाहेर या, सरांना चालतं.”

मी शेवटच्या बाकावर बसलो. पस्तीस मुले-मुली होती. शिकवणारे गृहस्थ तिशीतले, टाय लावलेले, उत्साही. वाईट माणूस वाटला नाही. त्याने फळ्यावर एक ओळ लिहिली आणि डस्टर टेबलावर आपटले.

“डॉक्टरांनी ‘शक्यता’ लिहिलं, ‘संशय’ लिहिला, घाबरायचं नाही! आजार आहेच असं धरायचं, कोड टाकायचा, पुढची फाइल. काय करायचं?”

“धरायचं, टाकायचा, पुढची!” सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

पुढच्या बाकावरची एक बारीकशी मुलगी उभी राहिली. “पण सर, आजार नसलाच तर?”

“नसला तर डॉक्टर बघून घेतील की. तू डॉक्टर आहेस का? नाही ना? मग बस.”

सगळे हसले. तीही हसली आणि बसली.

हा नियम खोटा नाही, हे तू नीट समजून घे. तो अर्धा आहे. रुग्ण दाखल होऊन, सगळ्या तपासण्या होऊन घरी जात असेल आणि तेव्हाही डॉक्टर ‘शक्यता’ म्हणत असतील, तर आजार आहे असे धरून कोड देता येतो. परंतु जो बाहेरच्या विभागात येऊन, तपासून, त्याच दिवशी घरी जातो, त्या बाह्यरुग्णाच्या बाबतीत शक्यतेला कोड नसतो. तिथे फक्त लक्षणाला कोड द्यायचा. चक्कर आली तर चक्कर, ताप असेल तर ताप. आजार सिद्ध होईपर्यंत त्याचे नाव कागदावर चढवायचे नाही. हा उरलेला अर्धा भाग त्या खोलीत कोणीही बोलले नाही. मला माहीत होता. माझा हात वर गेला, आणि त्या हाताने मी चष्मा सारखा केला. पाच मिनिटांनी मी जिना उतरत होतो.

सोमवारी तू तिथे जाऊ नयेस. माझा पहिल्या पत्रातला सल्ला मी मागे घेतो. चूक तुझी नाही, सल्ल्याची आहे.

कारण विचारशील, म्हणून एका रुग्णाची हकिकत सांगतो. आमच्याच रुग्णालयातली, अकरा वर्षांपूर्वीची. तो बसचालक होता. तीन दिवसांचा ताप अंगावर काढून कामावर गेला, फेरी संपवून खाली उतरला आणि आगारात हजेरीची सही करताना कोसळला. दोन मिनिटांत शुद्धीवर आला. त्याला बाह्यरुग्ण विभागात आणले. डॉक्टरांनी लिहिले, मराठीत सांगायचे तर: ‘शुद्ध हरपली. मिरगीची शक्यता; मेंदूच्या लहरींचा आलेख काढून ठरवावे.’ आणि घरी पाठवले.

फाइल कोडिंगच्या खोलीत आली. तिथल्या एका नवख्या कोडरने, ज्याला चार महिन्यांच्या वर्गातून येऊन पाच महिने झाले होते, तिला मिरगीचा कोड दिला. जी चाळीस. द्यायला हवा होता आर पंचावन्न, म्हणजे नुसते शुद्ध हरपणे. आमच्याकडे रुग्णाच्या सारांशाचा कागद संगणकातून निघतो आणि त्यावर आजाराचे नाव कोडवरून आपोआप छापले जाते. डॉक्टरांचे ‘शक्यता’ आणि ‘ठरवावे’ हे दोन्ही शब्द मागे फाइलीत राहिले. कागदावर एकच शब्द आला, मिरगी. बस कंपनीने कामावर रुजू करून घेण्यापूर्वी तोच कागद मागितला. कंपनीच्या डॉक्टरांनी वाचला आणि त्या दिवसापासून त्या माणसाला चाकामागे बसू दिले नाही.

पंधरा दिवसांनी आलेख निघाला. तो सामान्य होता.

त्याच खोलीत दोन वर्षांची पदविका केलेले आमचे एक सहकारी बसत. कागद नाकाला लावून वाचत, म्हणून त्यांना सगळे ‘भिंग’ म्हणत. दिवसाला चाळीसऐवजी अठ्ठावीस फाइली होत त्यांच्या आणि वरून बोलणी खावी लागत. तो कागद त्यांच्या हाती पडला असता तर ही चूक घडली नसती. तुझ्या तक्त्यात दोन्ही मार्गांची तुलना करणारा एक रकाना कमी आहे. तो हा.

त्या रुग्णाचे पुढे काय झाले ते मला विचारू नकोस. नोंदवलेले नाव रद्द करून ये आणि मला कळव.

तुझा,
मामा

*

दि. २३ जून

चि. टिटवीस,

आशीर्वाद लिहिण्याचा हक्क आज मी राखून ठेवतो. हे पत्र वाचून झाल्यावर तो मला आहे असे तुला वाटले, तर मागाहून देईन.

तुझे पाकीट शुक्रवारी आले. हाताला हलके लागले. आत एकच ओळ: ‘मामा, तो ड्रायव्हर बाथरूमला कडी लावतो का?’

नाही. लावत नाही. लावण्यासाठी कडीच उरलेली नाही. आत झटका आला तर दार तोडावे लागू नये म्हणून ती ताईने काढवली आणि काढताना स्टुलावर मी उभा होतो. चार स्क्रू माझ्या तळहातावर होते. तू खाली उभी राहून विचारत होतीस, ‘मामा, आता बाबा आत असले की मला कसं कळणार?’ मी म्हणालो, त्यांना आत असताना गाणे म्हणायला सांग. ते अजूनही म्हणतात. छपन्न वर्षांचा माणूस आंघोळ करताना घराला कळावे म्हणून मोठ्याने गातो आणि आपण सगळे म्हणतो, भावोजी मोठे आनंदी.

तो कोडर मी आहे. सारांशाच्या तळाशी, उजव्या कोपऱ्यात, बारीक टाइपात कोडरचा क्रमांक असतो. निळ्या फाइलीतले चौथे पान काढ. तिथे ४१७ दिसेल. तो माझा क्रमांक.

आणि आता जे लिहितो ते तुला फाइलीत कुठेही सापडणार नाही. ती फाइल माझ्या वाट्याला आलेलीच नव्हती. ती भिंगांच्या गठ्ठ्यात होती. मी वरचे नाव वाचले, भावोजींचे, आणि ती उचलून माझ्या टेबलावर आणली. भिंग म्हणाले, “अहो, असू द्या, मी करतो सावकाश.” मी म्हणालो, “घरचं माणूस आहे. मीच करतो. मला दुसऱ्याच्या हातावर भरवसा नाही.” त्या दिवशी चाळीस फाइलींतल्या कोणत्याही फाइलीपेक्षा मी तिला जास्त वेळ दिला. दोनदा तपासली. माझ्या दृष्टीने ती निर्दोष होती. संध्याकाळी तुमच्या घरी येऊन ताईला सांगितले, कागद मी स्वतः पाहिला आहे. ताई म्हणाली, “तू आहेस म्हणून बरं रे.”

आलेख सामान्य आला तेव्हा डॉक्टरांनी ‘मिरगीचा पुरावा नाही, तापातल्या अशक्तपणामुळे शुद्ध हरपली असावी’ असे लिहिले. ते पाचवे पान. तोंडाने त्यांनी ‘काही विशेष नाही’ एवढेच सांगितले. ताईने मला विचारले, मग मिरगी आहे की नाही? आणि मी, माझ्याच हाताने दिलेल्या कोडवर विसंबून, उत्तर दिले, “कागदावर नाव आलं आहे तेव्हा सांभाळलेलं बरं.” घरात शिकलेला मी. माझा शब्द गेला आणि पाचवे पान तिथेच राहिले. तुमच्या घराजवळच्या डॉक्टरांनी सारांश पाहून गोळ्या सुरू केल्या. नंतर झटका आला नाही. सगळे म्हणाले, गोळी लागू पडली. न आलेला प्रत्येक झटका त्या आजाराचा पुरावा ठरत गेला.

तुला मी ‘बाबा नेहमीसारखेच’ म्हणजे कसे, असे विचारले होते. तू उत्तर दिले नाहीस आणि मला ते ठाऊकही आहे. दुपारी जड डोळ्यांनी बसलेले. स्टुलावर न चढणारे. आगाराच्या आवारात नळी घेऊन दुसऱ्यांच्या बसगाड्या धुणारे. कोणाच्या गाडीत शेजारी बसले की उजवा पाय आपोआप खाली दाबणारे. रिकाम्या बसच्या पुढच्या सीटवर तू बसायचीस आणि ते म्हणायचे, ‘बाई, सुट्टे द्या.’ तेव्हा तू अकरा वर्षांची होतीस.

चूक कळली तेव्हा काय केले, हे तू विचारशील. ती कळून नऊ वर्षे झाली. रुग्णालयाने आम्हाला वरच्या परीक्षेला बसवले होते. शिकवायला एक निवृत्त परिचारिका येत, कडक आणि हळू बोलणाऱ्या. एके दिवशी त्यांनी सरावासाठी एक उतारा दिला: बाह्यरुग्ण, शुद्ध हरपली, मिरगीची शक्यता. मी जी चाळीस लिहिले. त्यांनी माझ्या वहीवर बोट ठेवून विचारले, “हा माणूस दाखल झाला होता का?” मी म्हणालो, नाही. “मग हा आजार त्याला कोणी दिला?” त्या विनोदाने बोलल्या होत्या. सगळे हसले. मी वही मिटून घेतली.

दुसऱ्या दिवशी मी फाइल मागवली, पाहिली आणि परत पाठवली. चूक सुधारण्यासाठी आमच्याकडे पिवळ्या कागदाचा दुरुस्ती अर्ज असतो. त्यात चुकीचे कारण कोडरने स्वतःच्या अक्षरात लिहायचे असते. मी एक कोरा अर्ज घेतला आणि खणात ठेवला. तो नऊ वर्षे खणात राहिला. मला चौकशीची भीती वाटत होती. तपासनीसाच्या जागेसाठी माझे नाव तेव्हा पुढे गेले होते. परंतु खरे सांगायचे तर त्याहून मोठी भीती ताईच्या तोंडाकडे पाहण्याची होती. मी स्वतःशी म्हणालो, दोन वर्षे गेली, आता सांगून काय उपयोग. मग चार वर्षे गेली, तेव्हाही हेच म्हणालो. रोज दुसऱ्यांच्या चुकांवर लाल खूण करताना माझा हात कधी अडखळला नाही, याची मला आता सर्वांत जास्त भीती वाटते.

तू कोडिंग शिकणार असे लिहिलेस तेव्हा मला पहिला विचार हा आला की पदविकेच्या दुसऱ्या वर्षी ही बाह्यरुग्णाचा नियम शिकेल आणि घरी जाऊन कपाट उघडेल. म्हणून मी तुला त्या वर्गाकडे वळवले जिथे तो नियम शिकवतच नाहीत. तो नेमका माझाच रस्ता होता. मी तुला दुसरा ४१७ करायला निघालो होतो, आणि तेही स्वतःला वाचवण्यासाठी. त्या मागच्या बाकावर बसून ‘धरायचं, टाकायचा, पुढची’ ऐकताना त्या पस्तीस आवाजांत मला तुझा आवाज ऐकू आला. तोपर्यंत मी हे स्वतःपाशीही कबूल केले नव्हते.

आता काय केले आहे आणि काय करायचे आहे, ते क्रमाने लिहितो. याखेरीज मला दुसरी रीत येत नाही.

पिवळा अर्ज मी काल सकाळी भरून विभागप्रमुखांच्या हातात दिला. कारणाच्या चौकटीत लिहिले: ‘कोडरची चूक. बाह्यरुग्णास आंतररुग्णाचा नियम लावला. चूक कळूनही नऊ वर्षे दडवली.’ त्यांनी वाचून मान वर केली आणि म्हणाले, “अहो, शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती. ते विचारलेलं नाही.” मी म्हणालो, राहू द्या. चौकशी होईल. काय होईल ते होईल.

तुझ्या बाबांना मिरगी नाही, असे मी लिहिणार नाही. तसे म्हणण्याचा अधिकार मला नाही. अकरा वर्षांपूर्वी तो नसताना मी तो वापरला. मेंदूच्या डॉक्टरांची पुढच्या गुरुवारची सकाळची वेळ मी घेतली आहे. चौथे आणि पाचवे पान सोबत न्यायचे. तोपर्यंत गोळ्या एकाही दिवशी चुकवायच्या नाहीत. त्या एकदम बंद केल्या तर खरोखरच झटका येऊ शकतो. हे वाक्य दोनदा वाच. हे पत्र वाचून रागाच्या भरात गोळ्यांची बाटली फेकून देशील अशी मला भीती आहे. तुझी जीभ आणि हात बरोबर चालतात.

शिफारसपत्र सोबत जोडले आहे. पदविकेचा अर्ज तीस तारखेच्या आत जाऊ दे. दोन वर्षे लागली तर लागू देत. दिवसाला अठ्ठावीसच फाइली झाल्या आणि बोलणी खावी लागली तर खा. माझ्या सहीने तुझे काम अडेल असे वाटत असेल, तर भिंग निवृत्त झाले असले तरी त्यांचा पत्ता मागे लिहिला आहे. ते आनंदाने देतील. त्यांनाही मी परवा सांगून आलो. ते म्हणाले, “मला त्या दिवशी फाइल परत ओढून घ्यायला हवी होती.” असे दुसऱ्याच्या चुकीतला वाटा मागणारे लोक त्या दोन वर्षांत घडतात की मुळातच तसे असतात, मला माहीत नाही.

ताईला आणि भावोजींना तू काही सांगू नकोस. ते माझे काम आहे. रविवारी सकाळी दहा वाजता मी येतो. मामीला सगळे सांगितले आहे. ती म्हणाली, “मी येऊ का बरोबर?” आणि मी नको म्हणालो. तुला हे पत्र आधी पाठवतो आहे ते एवढ्याचसाठी की रविवारी तुमच्या गल्लीच्या तोंडाशी येऊन मला परत फिरता येऊ नये. मी स्वतःला ओळखतो. दहा वाजता मी दारात दिसलो नाही, तर फाइल घेऊन तूच भावोजींसमोर बस आणि चौथे पान त्यांना वाचून दाखव.

नवी कडी विकत घेऊन येणार होतो. दुकानात जाऊन हातातही धरली. मग ठेवून दिली. ती लावायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, आणि मग भावोजी ठरवतील.

दार तू उघडलेस तर बरे होईल. बाकी मागण्यासारखे माझ्याकडे काही नाही.

कोडर क्रमांक ४१७,
जो तुझा मामाही आहे